रोज सकाळचं शून्य

४ मार्च, सोमवार

दैनंदिनी लिहिणाऱ्या माणसांबद्दल माझं मत कधीच चांगलं नव्हतं. दिवसभर जे भोगलं तेच पुन्हा कागदावर भोगायचं, म्हणजे शुद्ध पिष्टपेषण. दळलेलं पीठ पुन्हा जात्यात घालून कुणाचं पोट भरलंय? पण आज संपादकांनी बोलावून घेतलं. विज्ञानाचा वार्ताहर दुसऱ्या पेपरात गेला आहे. रक्त तपासायची एक नवी पट्टी जिथे तयार होतेय, त्या प्रयोगशाळेत मी महिनाभर जायचं, रोजचं टिपायचं आणि शेवटी रविवारच्या पुरवणीला मोठा लेख द्यायचा.

"मी संस्कृतचा माणूस," मी म्हणालो.

"विज्ञान काय नि संस्कृत काय, वाचकांना दोन्ही सारखंच कळतं," ते म्हणाले. "शिवाय तिथल्या मुख्य बाई तुमच्या मेहुणी ना?"

थोडक्यात, निवड गुणवत्तेवर झाली.

मेहुणीला फोन केला. "या की भावोजी," ती म्हणाली, "पण रिकाम्या हाताने येऊ नका."

"काय आणू?"

"हातच आणा. थोडं रक्त लागेल."

हे हिला सांगितलं तर ही हसत सुटली. म्हणाली, "ती लहानपणी साबण चाखून बघायची. तुमची पाळी आज ना उद्या येणारच होती."

६ मार्च, बुधवार

प्रयोगशाळा रुग्णालयाच्या मागच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. लिफ्टला दोरी बांधलेली आणि दोरीवर 'काम चालू आहे' अशी पाटी. काम करणारं कुणी दिसलं नाही. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर गुडघ्याने नेहमीचं निषेधपत्र दिलं. खिशातली गोळी तिथेच घेतली आणि वर पोचलो.

आत माणसं तीनच. मेहुणी; तिचा जोडीदार, ज्याच्या डोळ्यांवर एवढा जाड चष्मा आहे की मी मनात त्याचं नावच चष्मा ठेवलं; आणि रुग्णालयातून सकाळपुरती येणारी सिस्टर, जिला सुई टोचायला आवडते, टोचून घ्यायला नाही.

आज सोनं पाहिलं. काचेच्या चंबूत फिकट पिवळं पाणी उकळत होतं. मेहुणीने त्यात दुसरं काहीतरी एका झटक्यात ओतलं. पाणी आधी रंगहीन झालं, मग शाईसारखं काळवंडलं, आणि बघता बघता द्राक्षाच्या दारूसारखं लाल.

"यात सोनं आहे?"

"आहे. डोळ्यांना दिसणार नाही इतके बारीक कण."

"मग लाल का?"

"सोनं इतकं लहान झालं की लालच दिसतं, भावोजी."

म्हणजे सोन्याचा गर्व उतरला की ते लाजतं. हे वाक्य लेखात घालीन. संपादक काढतील.

चंबू म्हणे अशा आम्लाने धुतात की जे सोन्यालाही विरघळवतं. मी जवळ गेलो तर चष्मा ओरडला, "काका, हात लावू नका! एक धुळीचा कण पडला तर सगळा घाणा निळा होईल." मी काका कधीपासून झालो हे त्याला विचारायचं राहून गेलं.

८ मार्च, शुक्रवार

प्रकरण समजलं. निदान मला समजलं असं मला समजलं.

मूत्रपिंडाला इजा व्हायला लागली की ते एक प्रथिन रक्तात सोडतं. नेहमीच्या तपासणीला पत्ता लागण्याच्या कितीतरी आधी. पेशंटला काही दुखत नाही, काही खुपत नाही. पण हे प्रथिन गावभर सांगत फिरतं. संस्कृतात अशा चहाडखोराला पिशुन म्हणतात. सुभाषितकारांनी त्याला सापाच्या पंक्तीला बसवलं आहे. मी या प्रथिनाचं नाव पिशुन ठेवलं. मेहुणीला आवडलं नाही, चष्म्याला आवडलं. आता खोलीत सगळे तेच म्हणतात.

तर सोन्याच्या कणांना पिशुनाला पकडणारे चिमटे लावलेले असतात. रक्ताचा थेंब कागदाच्या पट्टीवर टाकायचा. पिशुन जितका जास्त, तितके कण एका रेघेवर अडकतात आणि तितकी ती रेघ लाल.

"पण रक्त मुळातच लाल," मी म्हणालो. "लालात लाल कसं दिसणार?"

मेहुणी थांबून माझ्याकडे बघायला लागली. "ताई म्हणते तितके तुम्ही काही हे नाही आहात."

"काय नाही?"

"जाऊ द्या. पट्टीच्या सुरुवातीला एक गाळणी आहे. लाल पेशी तिथेच अडतात, पिवळसर पाणी पुढे जातं."

मग तळहातावर मावेल अशी एक डबी. ती रेघेचा लालपणा मोजून आकडा दाखवते. रुग्णालयात याच प्रथिनाचं मोठं यंत्र आहे, पण ते कपाटांची रांग लावल्याएवढं, आणि उत्तर दुसऱ्या दिवशी. डबी उत्तर देते चहा निवायच्या आत. मूत्रपिंडाचे मोठे डॉक्टर १२ एप्रिलला येणार आहेत. तोवर वॉर्डातल्या रक्तावर डबीचे आणि यंत्राचे आकडे जुळले, तर पट्टी वॉर्डात राहणार. नाही जुळले, तर मेहुणीची इतक्या वर्षांची मेहनत कपाटात. हे तिने सांगितलं नाही. चष्म्याने सांगितलं, चष्मा पुसता पुसता.

११ मार्च, सोमवार

आज मला बढती मिळाली. मी शून्य झालो.

डबीला रोज सकाळी एक निरोगी रक्त दाखवावं लागतं: 'बाई गं, हे शून्य. याच्यापेक्षा जास्त ते आजारी.' त्यासाठी रक्तपेढीतून पुष्कळ निरोगी माणसांच्या रक्ताचा एकत्र केलेला साठा यायचा. तो संपला, नवा यायला वेळ आहे. मेहुणीला मधुमेह. चष्मा तापातून उठलेला. सिस्टरने हात मागे घेतले. राहिलो मी.

"भावोजी, काही आजार?"

"तुझी ताई."

"तो सोडून. मधुमेह? रक्तदाब?"

"नाही."

"कधी दवाखान्यात राहिलात?"

"जन्माच्या वेळी. तेही आईची सोबत म्हणून."

"औषध काही चालू?"

"छे."

खरंच नाही. औषध म्हणजे डॉक्टरने दिलेलं, कडू, वेळेवर घ्यायचं आणि विसरायचं. गुडघ्याची गोळी मी कधीच विसरत नाही. ती औषध कशी असेल? ती चहाबरोबरच्या बिस्किटासारखी.

"तात्पुरतं हं," मेहुणी म्हणाली. सिस्टरने छोटी नळीभर रक्त काढलं. लागेल तेवढं पट्टीवर, उरलेलं तारीख घालून फ्रीजरमध्ये. तिथे काही टाकून देत नाहीत, आमच्या हिच्यासारखंच.

संध्याकाळी घरी जाहीर केलं, "आजपासून मी शून्य."

"आजपासून?" ही म्हणाली.

१५ मार्च, शुक्रवार

चांगले दिवस चालले आहेत. सकाळी तीन मजले चढायचे, गोळी घ्यायची, हात पुढे करायचा, डबी म्हणते ०, आणि मी कृतकृत्य. दिवसभर कोपऱ्यात बसून टिपणं. या वयात माणसाला इतक्या नियमाने कुणी शून्य म्हणत असेल तर त्यात मानच आहे. बाकीच्यांना तोंडावर म्हणत नाहीत एवढंच.

जिना रोजचा झाल्यामुळे गुडघा कुरकुरतो. सकाळची एक गोळी होतीच, दुपारचीही लावली. केमिस्ट आता मला दुकानात शिरताना बघून बाटली काढून ठेवतो. अशी सेवा आजकाल कुठे मिळते?

२१ मार्च, गुरुवार

बूट घट्ट व्हायला लागले. चांभाराकडे नेले, त्याने ताणून दिले, दोन दिवसांत पुन्हा तेच. कातडं पूर्वीसारखं राहिलं नाही. चांभारही.

कचेरीत आज सगळे म्हणाले, तब्येत सुधारली, चेहरा भरलाय. ही मात्र सकाळी चहा देताना बघत राहिली. "डोळ्यांखाली सुजल्यासारखं दिसतंय."

"सुखाची झोप."

"घोरण्यावरून तरी सुखाचीच वाटते," ती म्हणाली, आणि कप ठेवून गेली.

मेहुणीचे आकडे थोडे चुकायला लागले आहेत. मोठं यंत्र ज्याला थोडा आजारी म्हणतं, त्याला डबी निरोगी म्हणते. फार नाही. "नव्या कागदाचा दोष असेल," मेहुणी म्हणाली. कागद बदलला.

२७ मार्च, बुधवार

कागद बदलून उपयोग झाला नाही. चिमटे बदलले. मग गाळणी. मेहुणी आता एकटीच पुटपुटते आणि चहा निवून जातो. चष्म्याने डबी उघडून तिचं सगळं अंतरंग टेबलावर मांडलं आणि पुन्हा भरलं. एक स्क्रू उरला. तो त्याने खिशात टाकला. मी बघितलं नाही असं आम्ही दोघांनी ठरवलं.

माझ्याकडून होईल ती मदत करतोय. एकही सकाळ चुकवली नाही. मेहुणी म्हणाली, "या सगळ्यात एक तुमचं रक्त तेवढं रोज तेच आहे भावोजी, नाहीतर मला वेड लागलं असतं." बरं वाटलं. माणसाने कुठेतरी भरवशाचं असावं.

दुपारी जेवण जाईना. तोंडाला धातूची चव येतेय. सोन्यावर इतकं लिहितोय, त्याचा परिणाम. पूर्वीचे पंडित विषयात रंगून जायचे म्हणतात. मी विषय गिळायला लागलो.

२ एप्रिल, मंगळवार

आज डबीने कमाल केली. वॉर्डातल्या एका पेशंटचा आकडा उणे दाखवला.

"म्हणजे काय?" मी विचारलं.

चष्मा म्हणाला, "म्हणजे काका, शून्यापेक्षाही निरोगी. या माणसाची मूत्रपिंडं गरजेपेक्षा चांगली आहेत. थोडी दुसऱ्याला देता येतील."

मेहुणी हसली नाही. तो पेशंट गेल्या आठवड्यापासून झोपून आहे. मोठं यंत्रही त्याला आजारी म्हणतंय, थोडा का होईना. ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. पाठमोरी अगदी हिच्यासारखी दिसते. रागावलेली आणि रडवेली यांतला फरक मला हिच्यातही इतक्या वर्षांत कळलेला नाही. १२ तारीख डोक्यावर आली.

तिला धीर म्हणून मी म्हणालो, "सोनं आगीतून गेल्याशिवाय..."

"भावोजी, आत्ता सुभाषित नको."

बरोबर आहे. सुभाषितं फार करून संकट टळल्यावर सुचलेली असतात.

फार थकवा येतो आजकाल. जिना चढून आलो की खुर्चीत बसून राहावंसं वाटतं. संपादकांचा दोष, वयाची पन्नाशी उलटलेल्या माणसाला तिसऱ्या मजल्यावर पाठवायचं म्हणजे. गुडघ्यासाठी आता तीन गोळ्या.

४ एप्रिल, गुरुवार

उद्यापासून दोन दिवस भाषेच्या परिषदेला परगावी. संपादकांची आज्ञा. शून्याविना डबीचं कसं होणार ही चिंता. सिस्टरने शेवटी, फाशी जाणाऱ्याच्या चेहऱ्याने, स्वतःचं रक्त द्यायचं कबूल केलं. मी तिला म्हटलं, "मला लागलं नाही कधी." ती म्हणाली, "टोचणारी मी होते म्हणून."

७ एप्रिल, रविवार

परत आलो. परिषदेत शुद्धलेखनावर जोरात वाद झाला, दोन विद्वान एकमेकांशी बोलेनासे झाले, जेवण मऊ होतं. अंगठी बोटातून निघेना, साबण लावून काढली. प्रवासात हात सुजतातच.

मेहुणीचा फोन. आवाजात उकळी. "भावोजी, जुळलं! शुक्रवार, शनिवार, दोन्ही दिवस. सगळे आकडे मोठ्या यंत्राशी जुळले. गुरुवारी सोन्याचा नवा घाणा केला होता ना, तो लाभला!"

"माझा पायगुण. निघून गेल्याचा."

ती खूप हसली. फोन ठेवल्यावर मीही हसत होतो.

८ एप्रिल, सोमवार

सकाळी मी हजर. नळी, पट्टी, डबी, ०. तोच नवा सोन्याचा घाणा, तोच कागद.

एकही आकडा जुळला नाही.

चष्मा म्हणाला, "बाटली हलवायची राहिली असेल." मेहुणीने सिस्टरच्या रक्ताची शनिवारची उरलेली नळी काढली, डबीला तिचं शून्य दाखवलं, आणि मग माझ्या सकाळच्या रक्ताची पट्टी तपासली. आकडा बघितला. पुन्हा नवी पट्टी घेऊन तपासली. आकडा मला दिसला नाही. तिने डबीवर हात ठेवला होता.

मग ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "भावोजी, बसा ना. चहा घेणार?"

मी उभा नव्हतोच. आणि तिने आजवर मला चहा विचारलेला नाही. माझ्याकडून करून घेते. बिचारीला वाटत असणार, प्रयोग फसला तर माझा लेखही बुडाला. मी म्हटलं, "अगं, लेखाचं मनावर घेऊ नकोस." तिचे डोळे भरून आले. फार हळवी आहे.

९ एप्रिल, मंगळवार

संध्याकाळी मेहुणी घरी आली. दोघी बहिणी स्वयंपाकघरात दार लोटून बोलत होत्या. मी पाणी प्यायला गेलो तर गप्प. माझा वाढदिवस पुढच्या महिन्यात आहे. इतक्या आधीपासून बेत? मी अनभिज्ञ असल्याचं सोंग चांगलं करतो, तेच केलं.

मग ही बाहेर आली. हातात माझ्या गोळ्यांची बाटली.

"हे काय आहे?"

"गुडघ्याची गोळी."

"रोज?"

"रोजच दुखतो."

"किती?"

"एक." ही बघत राहिली. "जिन्यामुळे दोन. कधी तीन."

"किती वर्षं?"

या प्रश्नाला मी थोडा वेळ घेतला. आमच्या घराला रंग दिला त्याच्या आधीपासून.

मेहुणी दारात उभी होती. "भावोजी, मी तुम्हाला विचारलं होतं ना, औषध काही चालू आहे का?"

"पण ही कुठे औषध..."

आणि वाक्य तिथेच राहिलं. दोघींचे चेहरे बघितले, आणि बूट, अंगठी, तोंडाची ती चव, सगळं एकदम आपापल्या जागी जाऊन बसलं.

"गोळ्यांनी मूत्रपिंडाला इजा होते," मेहुणी म्हणाली. "सगळ्यांना नाही. पण होते. तुमच्या रक्तात पिशुन आहे, भावोजी. खूप. आणि मी रोज सकाळी डबीला सांगत होते की हे शून्य."

ही खाली बसली. माझ्या पायांजवळ. घोट्यावर बोट दाबलं आणि उचललं. खळगा तसाच राहिला. आम्ही तिघंही त्या खळग्याकडे बघत होतो.

११ एप्रिल, गुरुवार

रुग्णालय. खाटेवरून लिहितोय.

भीती वाटते. संस्कृतात भीतीला पुष्कळ शब्द आहेत. आज एकाचाही उपयोग झाला नाही. सकाळपासून दोनदा रक्त घेतलं. सिस्टर आली होती, नेहमीसारखी टोचून गेली, पण जाताना माझ्या डोक्यावरून हात फिरवला. माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी लहान आहे. त्याने जास्त भीती वाटली.

मेहुणी खाटेशी बसली होती. "चूक माझी. एका माणसाच्या रक्तावर शून्य धरायचं नसतं, हे मी मुलांना शिकवते. तात्पुरतं म्हणाले आणि नंतर पेढीला फोनच केला नाही. घरचंच माणूस, रोज येतंय, हसतंय, म्हणून."

"मी सांगितलं नाही."

"मी पुन्हा विचारलं नाही."

उद्या बारा. ती म्हणाली, डॉक्टरांना सगळं खरं सांगणार. मी म्हटलं, सांग.

१२ एप्रिल, शुक्रवार

मोठे डॉक्टर आधी माझ्याकडे आले. उंच, कमी बोलणारे. माझे कागद बघितले. "गोळ्या बंद. कायमच्या. मीठ कमी. पाणी मी सांगीन तेवढंच. इजा आहे, पण लवकर हाती लागली. बहुतेक भरून येईल." बहुतेक हा शब्द त्यांनी फार काळजीपूर्वक उच्चारला. तरी आज पहिल्यांदा जेवलो.

पुढचं चष्म्याने सांगितलं, मेहुणीने नाही. तिने त्यांच्यासमोर काही लपवलं नाही. शून्य चुकीचं होतं. आम्ही एका आजारी माणसाला निरोगी धरलं. म्हणून बाकीचे सगळे त्याच्याहून बरे दिसले आणि तो आजारी होत गेला तसे आणखीच बरे. डॉक्टर ऐकत राहिले. म्हणाले, "म्हणजे हे महिनाभराचे आकडे फुकट."

"हो," मेहुणी म्हणाली. मग तिने फ्रीजरमधल्या नळ्या टेबलावर ठेवल्या. माझ्या. रोजची उरलेली नळी. या दोन दिवसांत तिने आणि चष्म्याने त्या सगळ्या पुन्हा तपासल्या होत्या, पेढीतून काल आलेल्या निरोगी साठ्याचं शून्य धरून. पहिल्या दिवशी रेघ जेमतेम लाल. मग रोज थोडी अधिक. चष्म्याने त्याचा आलेख काढला होता. म्हणतो, जिना दिसतोय काका, तुम्ही रोज चढायचा तो.

त्याच नळ्यांची रुग्णालयाने नेहमीची तपासणीही केली. ती मार्च संपत आला तरी म्हणत होती, सगळं ठीक.

डॉक्टरांनी आलेख हातात घेतला. "या गृहस्थांचं दुखणं कुणालाही कळायच्या आधीपासून या पट्टीला कळलं होतं. तुम्ही तिला बोलू दिलं नाहीत." मग म्हणाले, "पट्टी वॉर्डात राहील. आकडे पुन्हा पहिल्यापासून. शून्य दरवेळी पुष्कळ माणसांचं. आणि प्रत्येकाला दोनदा विचारायचं, दुखण्याची गोळी घेता का म्हणून. औषध घेता का असं नाही."

चष्मा सांगता सांगता एकदम थांबला. म्हणाला, "काका, तो उरलेला स्क्रू मी परत बसवला."

२७ एप्रिल, शनिवार

घरी. पाय पुन्हा माझे दिसायला लागले. बूट सैल झाले. चांभाराने ताणलेले ना. त्याला निष्कारण बोललो, जाऊन तसं सांगून आलो. त्याने आता आतला तळवा जाड लावून दिला.

गोळ्यांच्या बाटलीत हिने शर्टाची बटणं भरली आणि ती शिवणाच्या डब्यात ठेवली. गुडघा दुखतो. गरम पाण्याची पिशवी आणि हिचा डोळा, दोन्ही त्याच्यावर. जेवण अळणी. ही म्हणते, "तुमच्या लेखांसारखं."

लेख छापून आला. सोन्याच्या लाजण्याचं वाक्य अपेक्षेप्रमाणे काढलं. माझ्या रक्ताला संपादकांनी दोन परिच्छेद दिले. म्हणाले, वार्ताहराने बातमीत इतकं उतरू नये. पण शेवटी स्वतःच्या हाताने एक ओळ घातली, वेगळ्या चौकटीत: दुखण्यावरची गोळी रोज घेत असाल तर डॉक्टरांना सांगा. चष्म्याने कळवलं, सोमवारपासून वॉर्डाच्या दाराशी माणसं खिशातून पाकिटं काढून सिस्टरला दाखवतायत. तिने केमिस्टचं दुकान टाकल्यासारखं वाटतं म्हणे.

२० मे, सोमवार

लिफ्ट दुरुस्त झाली. आता, म्हणजे मी रोज यायचा थांबल्यावर. तिने मला विनातक्रार वर नेलं. मलाच जरा जिन्याचा विश्वासघात केल्यासारखं वाटलं.

फेरतपासणी. सिस्टरने नळी भरली आणि माझ्यासमोरच तिच्यावर नुसता क्रमांक घालून वॉर्डातल्या नळ्यांत मिसळून दिली. नाव नाही, नातं नाही. आता सगळं असंच चालतं. मी कोपऱ्यातल्या माझ्या जुन्या खुर्चीत बसलो. आता तिथे खोकी ठेवतात; एक खाली उतरवून बसलो.

पट्ट्या एकामागून एक. चष्मा आकडे वाचत होता, मेहुणी लिहून घेत होती. एका आकड्याशी तो थांबला. "हा कोण? अगदी स्वच्छ आहे. साठ्यात चालेल असला."

मेहुणीने क्रमांक बघितला. मग यादीवरून बोट नेलं. टेबलावरची बरणी घेतली, माझ्यासमोर आली, एक बिस्किट माझ्या हातात ठेवलं.

"भावोजी," ती म्हणाली, "तुमच्यात काही म्हणजे काही विशेष नाही."

इतकी गोड निंदा माझी कुणी केलेली नाही.

"आता चहा टाका," ती म्हणाली, आणि टेबलाकडे वळली. "तिघांना. साखर माझ्यात नको."

टाकला. घरी हिला फोन केला, आकडा सांगितला. ती म्हणाली, "येताना ब्रेड आणा." आवाज जरा ओला होता, पण ब्रेडचंच बोलली.

लिफ्ट सोडून जिन्याने उतरलो, हळू. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर गुडघ्याने तोंड उघडलं. पिशुनच तो. कठड्याला धरून उभा राहिलो आणि त्याचं सगळं म्हणणं ऐकून घेतलं.